छोट्या केसमध्ये मोठं ग्राफिक्स कार्ड: आधी मोजमाप, मग खरेदी, मग जोडणी

मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड १७० बाय १७० मिलिमीटरचा असतो. २००१ मध्ये व्हिया या तैवानी कंपनीने हा आकार आणला तेव्हा तो कमी विजेवर चालणाऱ्या, किरकोळ कामाच्या यंत्रांसाठी होता. आज त्याच आकाराच्या बोर्डावर लोक ४५० वॅट ओढणारं, फूटभर लांब ग्राफिक्स कार्ड लावतात. बोर्ड होता तेवढाच राहिला आणि कार्ड त्याच्या पावणेदोन पटीहून लांब झालं.

पहिल्यांदाच छोटा पीसी जोडणारे बहुतेक जण एकच आकडा बघतात. केसच्या माहितीत लिहिलंय ‘कार्ड ३३० मिमीपर्यंत’, आपलं कार्ड ३०४ चं, म्हणजे बसलं. कार्ड बसतंही. पण त्याची विजेची वायर बसत नाही. वायर कशीबशी बसली तर बाजूचं पॅनेल लागत नाही, आणि पॅनेल दाबून लावलं तर कार्डाला हवा मिळत नाही. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, तसला प्रकार. म्हणून या लेखात प्रत्येक पार्ट त्याच्या शेपटासकट मोजायचा आहे: प्लग, वायरचं वळण आणि हवेची फट धरून.

केस ठरवताना लीटरपेक्षा मांडणी बघा

छोट्या केसची तुलना लीटरमध्ये होते आणि साधारण २० लीटरच्या आतली केस ‘छोटी’ समजली जाते. पण लीटरवरून टेबलावर किती जागा जाईल एवढंच कळतं. आत काय मावेल ते मांडणीवर अवलंबून असतं, आणि मांडण्या मुख्यतः दोन.

पहिली नेहमीची. बोर्ड उभा, कार्ड थेट त्याच्या स्लॉटमध्ये काटकोनात, आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) पुढच्या बाजूला. २०२० मध्ये आलेली कूलर मास्टरची एनआर२०० ही याची सर्वांना माहीत असलेली केस. आकारमान १८.२५ लीटर, कार्डासाठी ३३० मिमी लांबी, प्लगसकट १५६ मिमी रुंदी आणि ६० मिमी जाडी, सीपीयू कूलरसाठी १५५ मिमी उंची.

दुसरी सँडविच मांडणी. बोर्ड आणि कार्ड पाठीला पाठ लावून उभे, मध्ये पत्र्याची भिंत, आणि दोघांना जोडणारी एक लवचीक रायझर केबल. फ्रॅक्टल डिझाइनची टेरा याच पद्धतीची, फक्त १०.४ लीटर. तिच्यात ३२२ मिमी लांबीचं कार्ड जातं. म्हणजे जवळपास निम्म्या आकारमानात लांबी फक्त ८ मिमीने कमी! मग नुकसान कुठे होतं? कूलरच्या उंचीत आणि कार्डाच्या जाडीत. ते गणित पुढे येईलच.

माझं मत विचाराल तर, पहिलाच छोटा पीसी असेल आणि तीन स्लॉटचं कार्ड लावायचं असेल, तर १५ ते २० लीटरमध्येच राहा. १० लीटरची केस दिसते देखणी, पण तिच्यात एका पार्टची चूक सगळ्या पार्टना भोवते. दोन स्लॉटचं कार्ड असेल तर मात्र १० लीटरला बिचकायचं कारण नाही.

आणखी एक. दोन केसची तुलना करताना लीटर पाय आणि बाहेर आलेले भाग धरून काढलेत की सोडून, ते बघून घ्या. सगळ्या कंपन्या एका पद्धतीने काढत नाहीत.

कार्ड: लांबी, जाडी, रुंदी आणि वायरचं वळण

दुकानात किंवा जाहिरातीत ‘अडीच स्लॉट’, ‘साडेतीन स्लॉट’ असे शब्द कानावर पडतात. एका स्लॉटचं अंतर २०.३२ मिमी, म्हणजे दोन स्लॉट सुमारे ४०.६ आणि तीन स्लॉट सुमारे ६१ मिमी. पण कंपन्या हा आकडा सोयीप्रमाणे वापरतात. ‘तीन स्लॉट’ लिहिलेलं कार्ड प्रत्यक्षात ६५ मिमी भरू शकतं. तेव्हा स्लॉट विसरा आणि कंपनीच्या संकेतस्थळावरचे मिलिमीटर घ्या.

एकाच चिपची दोन कार्डं किती वेगळी असू शकतात ते बघा. एनव्हिडियाचं स्वतःचं आरटीएक्स ४०९० फाउंडर्स एडिशन ३०४ × १३७ × ६१ मिमीचं आहे. असुसचं आरओजी स्ट्रिक्स ४०९० आहे ३५७.६ × १४९.३ × ७०.१ मिमीचं. चिप तीच, पण दुसरं कार्ड एनआर२०० मध्ये लांबीतच अडतं आणि जाडीतही. म्हणून ‘४०९० बसेल का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. पूर्ण मॉडेलचं नाव घेऊनच विचारावं लागतं.

आता फाउंडर्स एडिशन एनआर२०० मध्ये घालून बघू. लांबी ३३० मधून ३०४ गेले, २६ मिमी शिल्लक. छान. जाडी कागदावर एका मिलिमीटरने जास्त. पण केसला तीन स्लॉटची जागा आहे आणि हे कार्ड या केसमध्ये लोकांनी बसवलेलं आहे. फक्त तळाशी २५ मिमी जाडीचे नेहमीचे पंखे विसरा, १५ मिमीचे बारीक पंखे बघा. खरी मेख रुंदीत आहे. १५६ मधून १३७ गेले की उरतात १९ मिमी, आणि एवढ्यात कार्डाला वीज देणारा सोळा पिनांचा प्लग आणि त्याच्या वायरचं वळण दोन्ही मावायला हवं. केबल बनवणाऱ्यांचा सल्ला असा, की प्लगच्या तोंडापासून निदान ३५ मिमी वायर सरळ राहू द्या, त्याआधी वाकवू नका. ३५ कुठे आणि १९ कुठे!

हा सल्ला हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऑक्टोबर २०२२ पासून ४०९० चे प्लग वितळल्याच्या तक्रारी येऊ लागल्या, आणि तपासण्यांमध्ये प्लग पूर्ण आत न बसणं हे एक मोठं कारण म्हणून पुढे आलं. पुढे या जोडणीची सुधारित आवृत्ती आली. तिच्यातल्या छोट्या संकेत-पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट असेल तर कार्ड वीज ओढणारच नाही. सुधारणा चांगली, पण बाजूचं पॅनेल प्लगला रेटत असेल तर त्याच्यावरचा ताण काही कमी होत नाही. इथे तीन मार्ग आहेत: एसएमपीएसच्याच कंपनीची काटकोनात वळलेली केबल घ्या, मऊ तारांची केबल घ्या, किंवा कमी रुंदीचं कार्ड घ्या. सुटा काटकोनी अडॅप्टर मध्ये घालण्याच्या मी विरोधात आहे. प्रत्येक जादा जोड म्हणजे गरम होऊ शकणारी आणखी एक जागा.

जून २०२४ मध्ये एनव्हिडियाने छोट्या केससाठी एक मापदंड जाहीर केला: कार्डाची लांबी ३०४ मिमीपर्यंत, वायरचं वळण धरून रुंदी १५१ मिमीपर्यंत, जाडी ५० मिमी म्हणजे अडीच स्लॉटपर्यंत. कार्डाच्या वर्णनात ‘एसएफएफ-रेडी’ दिसलं की ते या चौकटीतलं समजा. नवख्याने इथूनच शोध सुरू करावा. वळण मोजण्याची कटकट कंपनीने आधीच केलेली असते.

बारीक कार्ड म्हणजे सोपं कार्ड, असंही नाही. आरटीएक्स ५०९० फाउंडर्स एडिशन पुन्हा ३०४ × १३७ मिमीचंच, पण जाडी फक्त दोन स्लॉट. छोट्या केसवाल्यांना आनंदाची गोष्ट. मात्र ते ५७५ वॅट ओढतं, आणि तेवढी सगळी उष्णता त्या दहा-पंधरा लीटरच्या डब्यातच पडते.

सँडविच केसचं गणित: एकाचं घेऊन दुसऱ्याला

टेरामधली मधली भिंत सरकते. एका टोकाला नेली तर कूलरला ७७ मिमी आणि कार्डाला ४३ मिमी मिळतात. दुसऱ्या टोकाला नेली तर कूलरला ४८ आणि कार्डाला ७२. दोन्हीकडे बेरीज १२०. म्हणजे हिशेब एवढाच: १२० मधून कार्डाची जाडी वजा करा, उरलं ते कूलरचं.

६१ मिमीचं कार्ड घेतलं तर कूलरला ५९ मिमी. मग नॉक्टुआचा एनएच-एल१२एस बाद, तो ७० मिमीचा. थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ चालेल, ४७ मिमी. नॉक्टुआचा एनएच-एल९आय ३७ मिमीचा, तो तर आरामात, पण त्याच्याकडून तगड्या प्रोसेसरची अपेक्षा करू नका. ४०.६ मिमीचं दोन स्लॉटचं कार्ड घेतलं तर ७० मिमीचा कूलर बसतो आणि वर थोडी हवा राहते. भिंत ठरावीक खुणांवरच थांबते, त्यामुळे काठोकाठ हिशेब न करता दोन-तीन मिमी सोडा.

पॅनेल आणि पंखा यांच्यातल्या फटीचाही विचार करा. पंखा जाळीदार पॅनेलपासून एक-दोन मिमीवर असला की घरघर ऐकू येते. ती पंख्याची खराबी नसते, जाळीवरून ओढलेल्या हवेचा आवाज असतो. पंख्याभोवती फोमची चौकट लावून पॅनेलला टेकवली की आवाज कमी होतो, आणि पंखा आतली गरम हवा पुन्हा ओढायचाही थांबतो.

कूलर, रॅम आणि बोर्डावरचे डोंगर

एनआर२०० मध्ये टॉवर (उभा, उंच) कूलर घ्यायचा तर १५५ मिमीच्या मर्यादेत नॉक्टुआचा एनएच-यू१२एस (१५८ मिमी) अवघ्या तीन मिमीने बाहेर पडतो, आणि एनएच-डी१५ (१६५ मिमी) तर विचारातच नको. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई बरोबर १५५ मिमीचा. कागदावर बसतो, पण काचेचं पॅनेल लावणार असाल तर केसची मर्यादा पुन्हा तपासा, काचेमुळे ती थोडी कमी होते. निर्धास्त राहायचं तर एनएच-यू९एस, १२५ मिमी.

उंचीत बसलेला कूलर रुंदीत अडू शकतो, हे नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही. मिनी-आयटीएक्सवर सीपीयूचं सॉकेट एका बाजूने रॅमला आणि दुसऱ्या बाजूने कार्डाच्या स्लॉटला खेटून असतं. रुंद कूलर कार्डाच्या पाठीवर टेकतो. शिवाय या बोर्डांवर व्हीआरएमचे (सीपीयूला वीज देणाऱ्या भागाचे) आणि एम.२ चे (पट्टीसारख्या एसएसडीचे) उंच हीटसिंक, म्हणजे उष्णता सोडणारे धातूचे ठोकळे, उभे असतात, आणि बुटका कूलर त्यांनाच धडकतो. कूलर बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या बोर्डनिहाय यादी देतात. आपल्या बोर्डाचं नाव तिथे शोधा, अंदाज बांधत बसू नका.

रॅमसाठी सरळ नियम: दिव्यांची रॅम नको. कॉर्सेअरची व्हेंजन्स एलपीएक्स ३४ मिमी उंच आहे, जी-स्किलची ट्रायडेंट झेड५ आरजीबी ४४ मिमी. या १० मिमीमध्ये कूलरचा पंखा बसतो किंवा बसत नाही.

पाणी फिरवणारा तयार कूलर लावायचा तर एक खोड लक्षात घ्या: २४० चा रेडिएटर २४० मिमीचा नसतो. पंखे २४० मिमीचे, पण दोन्ही टोकांच्या टाक्या धरून लांबी साधारण २७५ मिमी होते. जाडी २७ अधिक पंख्यांची २५, म्हणजे ५२ मिमी. नळ्या ताठ असतात, त्यांना वळायला वेगळी जागा लागते. आणि बसवताना पंप कधीही सगळ्यात वरच्या जागी येऊ देऊ नका, नाहीतर हवेचा बुडबुडा पंपात जाऊन खरखर सुरू होईल.

एसएमपीएस आणि वायरी

नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस १५० मिमी रुंद आणि ८६ मिमी उंच. छोट्या केससाठीचा एसएफएक्स १२५ × १०० × ६३.५ मिमी, आणि त्याचा थोराड भाऊ एसएफएक्स-एल १२५ × १३० × ६३.५. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतही एसएफएक्स बऱ्याचदा मागवूनच घ्यावा लागतो, तेव्हा याची ऑर्डर सगळ्यात आधी द्या.

लोक एसएफएक्स-एल घेतात कारण पंखा मोठा आणि आवाज कमी. पण ते वाढलेले ३० मिमी येतात नेमके केबल निघतात त्या बाजूला, आणि छोट्या केसमध्ये सगळ्यात महाग जागा तीच. केसमध्ये बसतो म्हणून एसएफएक्स-एल घेऊ नका, केबल वळायला जागा उरते का ते बघून घ्या. ४०९० साठी एनव्हिडियाची शिफारस ८५० वॅटची आहे आणि ५०९० साठी १००० वॅटची. दोन्ही क्षमता आता एसएफएक्समध्ये मिळतात.

सोबत आलेल्या केबल मोठ्या केसच्या हिशेबाच्या निघाल्या तर जादा लांबी कोंबायची कुठे हा प्रश्न येतो. मोजून बनवलेल्या आखूड केबल मिळतात, पैसे असतील तर हा खर्च सार्थकी लागतो. विशेषतः २४ पिनची केबल, तिच्याइतकी जागा दुसरी कुठलीच खात नाही.

इथे एक धोक्याची सूचना, आणि ती दोनदा वाचा. एका एसएमपीएसच्या सुट्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला लावू नका. कार्डाच्या आणि बोर्डाच्या बाजूचा प्लग सगळीकडे सारखा असतो, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिकही, वेगळा असतो. प्लग बसतो, बटण दाबलं जातं आणि एसएसडीपासून बोर्डापर्यंत काहीही जळू शकतं. मित्राच्या ड्रॉवरमध्ये पडलेली आखूड केबल कितीही मोहात पाडो, हात लावू नका.

पुठ्ठ्याचं कार्ड करून बघा

केस हातात आलीय आणि कार्ड अजून घ्यायचंय, अशी वेळ असेल तर हा प्रयोग कराच. बूट किंवा मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. कंपनीने दिलेल्या लांबी-रुंदीचा तुकडा कापा आणि जाडी भरेल इतके तुकडे एकावर एक चिकटवा. साधा खोक्याचा पुठ्ठा तीन ते पाच मिमीचा असतो, म्हणजे ६१ मिमीला बरेच थर लागतील. त्यापेक्षा मधे थर्माकोल घातलेला बरा. मग कार्डाचा फोटो बघून प्लगच्या जागी पेनाने खूण करा आणि तिथे प्लगच्या आकाराचा थर्माकोलचा ठोकळा चिकटवा. ठोकळ्याला वायरच्या जाडीचा चपलेचा जुना पट्टा किंवा दोरीचा तुकडा चिकटवून त्याला खरं वळण द्या.

आता हे सोंग केसमध्ये आत घाला. नुसतं ‘आत बसतं का’ बघू नका, आत जातं कसं ते बघा. अनेक केसमध्ये कार्ड शेवटी मावतं, पण सरळ आत जात नाही. आधी शेपटाकडची बाजू तिरकी करून घालावी लागते, किंवा तळाचे पंखे काढावे लागतात, किंवा पुढचं पॅनेल. हे आत्ताच कळलं तर खऱ्या कार्डाच्या पंख्यांवर नखं मारत बसायची वेळ येत नाही. पॅनेल लावून बघा. ठोकळा पॅनेलला लागून चेपला गेला तर ते कार्ड तुमच्यासाठी नाही.

दुकानातून घेणार असाल तर खिशात मोजपट्टी ठेवा. खोकं उघडून दाखवायला दुकानदार तयार असेल तर प्लगपर्यंतची रुंदी तिथेच मोजा. सील फोडल्यावर माल परत घेण्याबाबत प्रत्येक दुकानाचा नियम वेगळा, तो पैसे देण्याआधी विचारा.

जोडणीचा क्रम

मोठ्या केसमध्ये क्रम चुकला तर पाच मिनिटं वाया जातात. इथे अख्खं पुन्हा उघडावं लागतं.

१. सगळं केसच्या बाहेर, मदरबोर्डच्या खोक्यावर जोडून एकदा चालू करा. सीपीयू, रॅम, एसएसडी, कूलर, कार्ड, एसएमपीएस. बायॉस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. पार्ट खराब निघायचा असेल तर तो इथेच निघू दे.

२. रायझर केबलची केस असेल तर याच वेळी बायॉसमध्ये जाऊन कार्डाच्या स्लॉटची पिढी हाताने ठरवा. रायझर पीसीआय-ई (कार्डाच्या स्लॉटचा मापदंड) ४.० चा आणि कार्ड ५.० चं असेल तर ‘ऑटो’ वर न ठेवता ४ वर ठेवा. जुना ३.० चा रायझर असेल तर ३ वर. हे न केल्यास स्क्रीन काळीच राहणं, खेळ मध्येच बंद पडणं असले प्रकार होतात आणि माणूस कार्डाला शिव्या घालत बसतो. पिढी एकाने कमी केल्याने वेगात पडणारा फरक किरकोळ असतो.

३. कार्ड आणि एसएमपीएस सोडवा. एम.२ एसएसडी, रॅम आणि कूलर बोर्डावर पक्के करा. बोर्डाच्या मागच्या बाजूलाही एम.२ असेल तर तो आत्ताच लावा, नंतर तिथे हात जाणार नाही.

४. रिकाम्या केसमध्ये आधी वायरींचे मार्ग ठरवा. सीपीयूची आठ पिनची केबल बोर्ड बसवण्याआधी तिच्या जागेवर आणून ठेवा, आणि जमलं तर बोर्ड पूर्ण खाली टेकवायच्या आधीच प्लग लावून टाका. कूलर लागल्यावर तो कोपरा बोटांना मिळत नाही. बटणाच्या, यूएसबीच्या बारीक वायरीही याच वेळी. लांब चिमटा असेल तर काम निम्मं होतं.

५. बोर्ड. मग एसएमपीएस. स्क्रू चुंबकी टोकाच्या स्क्रू ड्रायव्हरनेच लावा, आत पडलेला एक स्क्रू काढायला सगळं उलटं करावं लागतं.

६. कार्ड सगळ्यात शेवटी. केबल आधी कार्डाला लावायची की कार्ड बसवल्यावर, ते पुठ्ठ्याच्या प्रयोगातून तुम्हाला माहीत झालेलं असेल. कसंही लावा, प्लग आणि कार्ड यांच्यात फट दिसत नाही ना हे टॉर्च मारून बघा. क्लिक ऐकू आला म्हणजे बसला, असं नाही.

७. पॅनेल हलक्या हाताने सरकलं पाहिजे. ढोपर लावावं लागत असेल तर आत काहीतरी चेपतंय.

तरीही दोन-चार मिलिमीटर अडलं तर

ज्यांना हौस आहे ते कार्डाचं प्लास्टिकचं आवरण आणि पंखे काढून टाकतात आणि हीटसिंकवर थेट १२० मिमीचे दोन पंखे केबल टायने बांधतात. आवाज खूप कमी होतो, तापमानही उतरतं. पण जाडी कमी होईलच असं नाही. नेहमीचे २५ मिमीचे पंखे लावले तर कार्ड पूर्वीपेक्षा जाडही होऊ शकतं, जागा वाचते ती १५ मिमीचे पंखे लावल्यावर. कार्डावरचा पंख्याचा प्लग छोटा असतो, नेहमीच्या पंख्यासाठी वेगळी जोडवायर लागते. वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी असेल तरच हे करा, आणि नव्याकोऱ्या कार्डावर तर नकोच.

केसमध्ये बदल करणं जास्त निर्धोक. तळाचे पाय उंच केले तर खालून हवा मोकळी येते. छतावरचे पंखे आतून लावण्याऐवजी बाहेरून लावले तर आत २५ मिमी मोकळे होतात. दिसायला थोडं गावठी, पण काम फत्ते. पत्रा कापायचा किंवा कानस मारायची तर सगळे पार्ट बाहेर काढूनच. लोखंडाचा बारीक कीस बोर्डावर पडला तर तो नेमका दोन पिनांमध्ये जाऊन बसतो. कापून झालं की केस धुवा, पूर्ण वाळवा, मगच जोडणी.

उष्णता

परदेशी चाचण्यांमधले तापमानाचे आकडे साधारण २० ते २५ अंशांच्या खोलीतले असतात. कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर चढत जातं. २३ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर राहणारं कार्ड ३८ अंशांच्या खोलीत जवळपास ८५ वर जाईल. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत ३८ म्हणजे काही फार नाही. तिकडच्या वाचकांनी परदेशी चाचणी बघून १० लीटरची केस घेताना हे पंधरा अंश मनात मिळवावेत. डेझर्ट कूलरच्या थेट झोतात पीसी ठेवायचा मोहही टाळा. ती हवा गार असते तशीच दमट आणि धुळकटही असते.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वीजच कमी ओढायची. ४५० वॅटच्या कार्डाची मर्यादा ७० टक्क्यांवर आणली तर ते ३१५ वॅटवर चालतं, आणि खेळांमधला वेग काही टक्क्यांनीच घटतो. एमएसआय आफ्टरबर्नर या मोफत प्रोग्राममध्ये ही एकच पट्टी सरकवायची असते. व्होल्टेजची वक्ररेषा बदलून आणखी बारीक काम करता येतं, ते सवडीने शिका. रायझन प्रोसेसरला बायॉसमध्ये ‘इको मोड’ असतो. ६५ वॅटचा पर्याय निवडला की प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटच्या आत राहतो. ४७ मिमीच्या कूलरला तेवढंच झेपतं.

हवेची दिशा ठरवताना एक साधं तत्त्व: कार्ड आणि कूलर यांना बाहेरची ताजी हवा थेट पॅनेलमधून ओढू द्या, आणि गरम हवा वरून बाहेर काढा. छोट्या केसमध्ये पंखे मोजकेच, त्यांना एकमेकांविरुद्ध लढवू नका.

शेवटी एक चाचणी. पॅनेल लावून एखादा जड खेळ अर्धा तास चालवा आणि कार्डाचं, प्रोसेसरचं तापमान लिहून ठेवा. मग फक्त पॅनेल काढा आणि तोच खेळ पुन्हा अर्धा तास. फरक दोन-तीन अंशांचाच असेल तर हवा नीट येतेय. तरीही तापमान जास्त वाटलं तर वॅट कमी करा किंवा कूलर बदला. फरक आठ-दहा अंशांचा असेल तर वॅट आणि थर्मल पेस्टच्या मागे लागू नका, हवा पॅनेलपाशीच अडतेय. आधी धुळीची जाळी काढून बघा, मग पंख्यांची दिशा, मग पंखा आणि पॅनेल यांच्यातली फट. पॅनेल निघालंच आहे तर कार्डाचा प्लगही टॉर्चने पुन्हा एकदा बघून घ्या.